चुलीचा धूर मोजणारे गट : गुजरात, ग्वाटेमाला आणि जुन्नर

धूम्ररेखा

१९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील चार खेड्यांत एका छोट्या संशोधक गटाने चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या अंगावर हवा ओढणारे लहान पंप बांधले आणि त्या श्वासात घेत असलेली हवा फिल्टरवर गोळा केली. गटाचे प्रमुख कर्क स्मिथ तेव्हा होनोलुलू येथील ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये होते. प्रत्यक्ष गावांतले काम मात्र गुजरातमधील सहकाऱ्यांशिवाय होण्यासारखे नव्हते, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावर त्यांचीही नावे आहेत. स्वयंपाक चालू असताना हवेतील एकूण तरंगत्या कणांचे प्रमाण सरासरीने घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७००० मायक्रोग्रॅम भरले. आज आपण ज्या पीएम २.५ विषयी बोलतो ते या एकूण कणांतील केवळ सूक्ष्म कण, त्यामुळे हा आकडा आजच्या मर्यादांशेजारी सरळ ठेवता येत नाही; तरीही लाकूड-गोवऱ्यांच्या धुरातील बहुतांश कण सूक्ष्मच असतात हे लक्षात घेतले, तर परिस्थिती किती गंभीर होती याची कल्पना येते.

तोपर्यंत वायुप्रदूषण हा विषय शहरांचा, गिरण्यांचा आणि मोटारींचा समजला जात असे. मोजणी यंत्रे चौकात किंवा इमारतीच्या गच्चीवर बसत आणि शहराच्या हवेचा आकडा त्यावरून ठरे. स्मिथ यांच्या गटाने यंत्र माणसाच्या छातीवर आणले. कोणत्या स्रोतातून किती टन धूर निघतो, यापेक्षा त्यातला किती धूर कोणाच्या फुप्फुसात जातो, हा त्यांचा प्रश्न होता. घरात सोडलेला एक ग्रॅम धूर, बाहेर सोडलेल्या एक ग्रॅमपेक्षा माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता अंदाजे हजारपट असते, असा एक ठोकताळा ते नेहमी सांगत. औष्णिक वीजकेंद्राच्या उंच धुराड्यातून निघणारा धूर आणि सहा बाय आठच्या स्वयंपाकघरातील धूर यांची तुलना टनांत केली, तर स्वयंपाकघर नगण्य ठरते; श्वासांत केली तर ते अजिबात नगण्य राहत नाही.

पुढे स्मिथ अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात गेले आणि तेथून ग्वाटेमाला, चीन, नेपाळ व भारत येथील स्थानिक संस्थांबरोबर त्यांच्या गटाने काम केले. जून २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या गटाने आणि त्या परंपरेतील इतर गटांनी क्षेत्रकार्य कसे केले आणि त्यातून काय हाती लागले, याविषयी येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. मी काही वर्षे पुण्यातील एका प्रयोगशाळेत असे फिल्टर वजन करण्याचे काम केले आहे, त्यामुळे माझा ओढा मोजणीकडे आहे, हे आधीच सांगते. माझे मत असे की या विषयात यंत्रे कितीही बदलली, तरी निष्कर्षांचा दर्जा शेवटी ठरतो तो घरात कोण जाते आणि घरातली बाई त्या व्यक्तीला काय सांगते यावर.

सांख्यिकी

उत्तम विषय. ग्वाटेमालातील चाचणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घरातील धूर आणि मुलांचा न्यूमोनिया यांचा संबंध यादृच्छिक चाचणीने तपासण्याचा हा पहिला प्रयत्न होता. पश्चिम ग्वाटेमालाच्या सान मार्कोस भागातील डोंगराळ खेड्यांत, माम भाषा बोलणाऱ्या आदिवासी कुटुंबांमध्ये, ऑक्टोबर २००२ ते डिसेंबर २००४ या काळात हे काम झाले. एकूण ५३४ घरे निवडली गेली. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे त्यांतील निम्म्या घरांना धुराडे असलेली ‘प्लांचा’ नावाची चूल मिळाली आणि उरलेली घरे तीन दगडांच्या उघड्या चुलीवरच राहिली. चाचणी संपल्यावर त्या घरांनाही प्लांचा देण्यात आली. घरोघर नियमित फिरणारे कार्यकर्ते स्थानिक होते. त्यांना माम आणि स्पॅनिश दोन्ही भाषा येत असत, आणि एखादे मूल आजारी वाटले की ते त्याला डॉक्टरांकडे पाठवीत. मूल कोणत्या गटातले आहे हे डॉक्टरांना सांगितले जात नसे.

निकाल २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलांचा धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूशी येणारा संपर्क सुमारे निम्म्याने घटला होता. डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियाचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाने येऊ शकतो ही शक्यता संख्याशास्त्राच्या निकषाने नाकारता आली नाही. रक्तातील प्राणवायू घटलेल्या तीव्र न्यूमोनियात मात्र सुमारे एक तृतीयांश घट दिसली आणि ती निकषावर टिकली.

अनेकांनी हा निकाल ‘चाचणी फसली’ असा वाचला. मला तो तसा वाटत नाही. ज्या मुलांचा प्रत्यक्ष मोजलेला संपर्क कमी होता, त्यांना न्यूमोनियाही कमी झाला होता, हे त्याच आकडेवारीतून दिसते. अडचण अशी की प्लांचा असलेल्या घरांतही धूर बराच शिल्लक होता. धूर आणि आजार यांच्या नात्याची वक्ररेषा सरळ नसते. कमी प्रदूषणाच्या टोकाला ती झपाट्याने चढते आणि पुढे सपाट होत जाते. म्हणून अतिशय धुरकट घरातील अर्धा धूर काढला तरी आजार अर्धा होत नाही. खरा लाभ शेवटचा धूर काढल्यावर मिळतो. बाहेरची हवा, इतरांच्या सिगारेटचा धूर, चुलीचा धूर आणि प्रत्यक्ष धूम्रपान या चारही प्रकारच्या अभ्यासांना एकत्र जोडून ही वक्ररेषा २०१४ मध्ये मांडली गेली. ग्वाटेमालाच्या डोंगरातील आकडे त्या रेषेवर नेमके अशा जागी पडतात, जिथे दुसरे आकडे जवळजवळ नव्हतेच.

माणदेशी

सांख्यिकी यांचा प्रतिसाद वाचून आमच्याकडच्या सुधारित चुलींची आठवण झाली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. महाराष्ट्रात त्याला तांत्रिक साहाय्य देण्याचे काम पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेकडे होते, आणि फलटण परिसरात त्या संस्थेची माणसे बरेच काम करीत. लक्ष्मी चूल आमच्या भागात अनेक घरांत बसली होती. दोन भांड्यांची आणि धुराड्याची. कार्यक्रम चालू होता तोवर उद्दिष्ट किती चुली बसवल्या याचे असे, किती चुली पेटतात याचे नसे. अनुदान मिळे, चूल बसे, फोटो निघे. वर्ष-दोन वर्षांत धुराड्यात काजळी साठून ओढ कमी होई, पत्र्याला पाडलेल्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी गळे, आणि मग कोणीतरी धुराडे काढून ती जागा बुजवी. ‘आरती’ने कुंभार व बचत गटांतील स्त्रियांना चुली तयार करून विकायला शिकवले, त्यामुळे काही ठिकाणी अनुदान गेल्यावरही व्यवसाय टिकला. तो भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

ओडिशातील एक मोठा अभ्यासही याच विषयावर आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ग्राम विकास या स्थानिक संस्थेबरोबर सुमारे २६०० घरांत सुधारित चुलींचा परिणाम चार वर्षे तपासला. पहिल्या वर्षी धुराचा संपर्क थोडा कमी झाला. नंतर लोकांनी दुरुस्ती केली नाही, वापर घटला, आणि आरोग्यावर काहीही परिणाम दिसला नाही. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी चूल गावात चौथ्या वर्षी काय करते, हे पाहायला चौथ्या वर्षीही गावात असावे लागते.

धूम्ररेखा

माणदेशी, ‘किती चुली पेटतात’ हा आपला मुद्दा पुढे मोजणीचाच विषय झाला. ‘गेल्या आठवड्यात गॅस किती वेळा वापरलात?’ असे विचारले, की बहुतेक स्त्रिया समोरच्याला बरे वाटेल असे उत्तर देतात, आणि ते साहजिक आहे. म्हणून बर्कलीच्या गटाने नाण्याएवढे तापमान-नोंदक चुलीला आणि शेगडीला चिकटवण्याची पद्धत रूढ केली. ठरावीक मिनिटांनी तापमान नोंदले जाते आणि आलेखावरील उंचवटे मोजले, की चूल कधी व किती वेळ पेटली ते कळते. त्याच गटाने बाजारात मिळणाऱ्या धूर-सूचकात, म्हणजे आग लागल्यावर वाजणाऱ्या साध्या यंत्रात, बदल करून कण मोजणारे स्वस्त उपकरणही बनवले होते.

आपल्या जवळचे उदाहरण जुन्नर तालुक्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे वढू येथे ग्रामीण आरोग्याचे जुने काम आहे. त्यांच्या सहकार्याने बर्कलीच्या गटाने जुन्नरमधील गरीब घरांतील गर्भवती स्त्रियांना गॅस जोडणी देऊन वापराची नोंद अशा नोंदकांनी केली, आणि तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भारपणाचा काळ निवडण्यामागे विचार होता: बाई याच काळात आरोग्य यंत्रणेच्या नियमित संपर्कात असते, आणि घरातील मंडळीही तिच्यासाठी चार गोष्टी बदलायला तयार असतात.

येथे एक गोष्ट मराठी वाचकांना लगेच पटेल. आपल्याकडे गॅस आल्यावरही चूल जात नाही, ती न्हाणीघराकडे सरकते. आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबात तापते. थंडीत तर तासन्‌तास. भाकरीसाठी चूल आणि चहासाठी गॅस, ही विभागणीही घरोघर दिसते. स्वयंपाकघरातील शेगडीलाच नोंदक लावला, तर अहवालात घर ‘स्वच्छ’ दिसेल आणि अंगणात धूर तसाच राहील. ग्वाटेमालातही हेच घडले. तेथील माम कुटुंबांत ‘चुख’ नावाचे बाष्पस्नानाचे लहान बंदिस्त घर असते, त्यात लाकडे पेटवून सगळे कुटुंब स्नान करते. संशोधकांनी तेथे कार्बन मोनॉक्साइड मोजला, तेव्हा स्नानाच्या थोड्या वेळातला संपर्क स्वयंपाकाच्या संपर्कापेक्षा कितीतरी तीव्र निघाला. हा स्रोत प्रश्नावलीत आपोआप येत नाही. घरोघर जाणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याला तो ठाऊक असतो, आणि त्याचे म्हणणे ऐकणारा कोणी संशोधक गटात असेल तरच तो मोजला जातो.

परसदार

सर्वांचे म्हणणे वाचले. एक रोखठोक प्रश्न विचारतो. परदेशी विद्यापीठ पैसा आणते, आपल्या खेड्यातील बाया अंगावर पंप घेऊन फिरतात, निबंध इंग्रजीत छापला जातो, आणि ‘नियंत्रण गट’ या नावाखाली निम्मी घरे जाणूनबुजून धुरात ठेवली जातात. धूर वाईट असतो हे आपल्या आजीला ठाऊक होते. मग हे सिद्ध करायला चाळीस वर्षे आणि इतकी यंत्रे कशाला?

ग्रामवैद्य

परसदार यांच्या प्रश्नाचा नैतिक भाग गंभीर आहे, पण ‘आजीला ठाऊक होते’ हा भाग मला पटत नाही. आजीला डोळे चुरचुरतात हे ठाऊक होते. पन्नाशीनंतर तिला लागणारी धाप चुलीमुळे आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनाही उशिरा कळले. श्वासनलिका कायमच्या आकुंचित होण्याचा सीओपीडी हा विकार आमच्या शिक्षणात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा विकार म्हणून शिकवला गेला. आयुष्यात बिडीला हात न लावलेली बाई समोर आली, की तिच्या कागदावर दमा लिहिला जाई. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा आढावा घेतला, त्यात जैव इंधनाच्या धुराला ठळक स्थान होते. असे लेखन मोजलेल्या आकड्यांशिवाय उभे राहत नाही.

शिवाय धोरण बदलते तेही आकड्यांमुळे. घरात जाळलेल्या जैव इंधनामुळे घराबाहेरची हवाही बिघडते, आणि २०१५ साली भारतात बाहेरच्या पीएम २.५ मुळे होणाऱ्या आजारांत सर्वांत मोठा वाटा याच स्रोताचा होता, असे आयआयटी मुंबईच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले. तेव्हापासून शहरातली माणसेही चुलीकडे आपला प्रश्न म्हणून पाहू लागली. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमागे राजकारण होते हे उघड आहे, पण योजनेची भाषा इंधन बचतीची न राहता आरोग्याची झाली, यात या संशोधनाचा वाटा आहे.

सांख्यिकी

नियंत्रण गटाविषयी. दोन गटांत वाटणी करणे तेव्हाच न्याय्य असते, जेव्हा उत्तर खरोखरच ठाऊक नसते. ते ठाऊक नव्हते, हे नंतरच्या निकालांनी दाखवले. मलावीमध्ये पंखा बसवलेल्या अधिक स्वच्छ लाकडी चुली दिल्या गेल्या. दहा हजारांहून अधिक मुलांचा तो अभ्यास २०१६ मध्ये आला आणि न्यूमोनियात काहीही फरक दिसला नाही. त्यानंतर चूल सुधारण्याऐवजी थेट गॅस द्यावा, या विचाराने भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे मिळून ३२०० गर्भवती स्त्रियांची मोठी चाचणी झाली. भारतातील काम चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील कल्पना बालकृष्णन यांच्या गटाने तमिळनाडूत केले. गॅस अठरा महिने मोफत घरपोच दिला गेला. स्त्रियांच्या श्वासातील पीएम २.५ चा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, गॅस गटात घनमीटरमागे सुमारे २४ आणि दुसऱ्या गटात सुमारे ७१ मायक्रोग्रॅम होता. मैदानी परिस्थितीत इतकी मोठी घट साधणे हे मोजणी आणि पुरवठा या दोन्ही बाबतींत मोठे यश होते. तरीही २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात बाळांच्या सरासरी जन्मवजनात जेमतेम २० ग्रॅमचा फरक होता, आणि तो निकषावर टिकला नाही. नंतर अर्भकांच्या तीव्र न्यूमोनियातही फरक आढळला नाही.

आजीला हे ठाऊक नव्हते, आणि मलाही ते अपेक्षित नव्हते. माझा अंदाज असा की गर्भधारणेनंतर तीन-चार महिन्यांनी गॅस आला तोवर बराच परिणाम होऊन गेलेला असावा. शिवाय सहभागी घरांतील सुरुवातीचा धूर जुन्या अभ्यासांच्या मानाने कमी होता. जन्मवजनावर आईचे पोषण, उंची आणि रक्तक्षय यांचा प्रभाव एवढा मोठा असतो, की धुराचा वाटा त्यात झाकला जातो, हेही आहेच. त्याच चाचणीत गट बाजूला ठेवून प्रत्यक्ष मोजलेला संपर्क आणि जन्मवजन यांचे नाते पाहिले, तर ते दिसते. म्हणून मी अजूनही मोजणीच्या बाजूने आहे, पण ‘गॅस द्या, बाळ वजनदार होईल’ असे वाक्य मी कोणत्याही पत्रकात लिहिणार नाही.

ग्रामवैद्य

यात एवढीच भर घालतो की अठरा महिन्यांच्या चाचणीत सीओपीडी, मोतीबिंदू किंवा हृदयविकार दिसणे शक्य नव्हते. हे आजार दशकांनी येतात. त्या चाचणीचा निकाल गॅसच्या विरोधात वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

धूम्ररेखा

परसदार, मालकीचा आपला प्रश्न मला रास्त वाटतो. ज्या घरात यंत्र ठेवले त्या घराला त्याचा आकडा परत सांगितला जातो का, हे मी प्रत्येक प्रकल्पात विचारते, आणि उत्तर नेहमी समाधानकारक नसते. सहकार्य बरोबरीचे आहे की नाही, हे करारापेक्षा दैनंदिन व्यवहारात कळते: फिल्टर कोठे वजन होतात, यंत्र बिघडले तर ते येथे दुरुस्त होते की परदेशी जाते, आणि निबंधाचा पहिला लेखक कोण असतो. चेन्नईच्या गटाने वर्षानुवर्षे स्वतःची प्रयोगशाळा आणि माणसे उभी केली, म्हणून चार देशांच्या चाचणीत तो बरोबरीने बसू शकला. तसे सगळीकडे घडलेले नाही.

शाळामास्तर

मी अकोले तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. हा धागा वाचून आठवी-नववीच्या मुलांबरोबर काही घरांतील धूर मोजावा असे वाटते. बाजारात तीन-चार हजारांत मिळणारी कण मोजणारी यंत्रे यासाठी चालतील का? आणि घरात ती नेमकी कोठे ठेवायची?

धूम्ररेखा

चालतील, पण त्यांच्या मर्यादा मुलांना आधी सांगा. ही यंत्रे कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतात. चुलीच्या धुराचे कण कारखान्यात यंत्राचा आकडा ज्या कणांवर जुळवून घेतात त्यांपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे आकडा बराच वर-खाली होऊ शकतो. पावसाळ्यातील दमट हवेत कण फुगतात आणि आकडा आणखी वाढतो. त्यामुळे घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम, हे ठामपणे सांगू नका. सकाळ आणि दुपार, चूल आणि गॅस, खिडकी उघडी आणि बंद, अशा तुलना मात्र विश्वासाने करता येतील. दोन यंत्रे घ्या, आणि घरात नेण्यापूर्वी काही दिवस दोन्ही शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का ते पाहा. धुरात वापरल्यावर आतील भागावर काजळी बसते, म्हणून ही तपासणी मधूनमधून पुन्हा करा.

जागेविषयी क्षेत्रकार्यात रूढ असलेला नियम असा: चुलीच्या कडेपासून एक मीटर, जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटर उंचीवर, आणि उघडणाऱ्या दार-खिडकीपासून दीड मीटर दूर. ही उंची उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाची आहे. आपल्याकडे बाई बसून भाकऱ्या करते, त्यामुळे दुसरे यंत्र बसल्या उंचीवर ठेवा आणि दोहोंची तुलना करा. धूर छताकडे जमतो, म्हणून वरचा आकडा मोठा येण्याची शक्यता आहे. न्हाणीघरातील चूल विसरू नका.

परसदार

मास्तर, मुले ज्या घरी जातील तेथे आधी परवानगी घ्या, आणि घराचे नाव फळ्यावर लिहू नका. कोणाच्या घरात सर्वांत जास्त धूर, याची यादी गावात फिरली तर दुसऱ्या वेळी दार उघडणार नाही.

माणदेशी

आणि थंडीत मोजा. मे महिन्यात चूल अंगणात असते, त्या आकड्यांवरून घरातील धुराचा काहीच अंदाज येणार नाही.

शाळामास्तर

आभार. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात करतो, तोवर यंत्रे शाळेतच शेजारी-शेजारी चालवून पाहतो. परवानगीसाठी मुलांच्या आयांची एक बैठक शाळेत घेईन, आणि प्रत्येक घराचा आलेख त्याच घरी कागदावर काढून देईन. बसल्या उंचीचे आणि उभ्या उंचीचे आकडे आले की येथे टाकतो. सांख्यिकी, किती घरे घेतली तर तुलना करण्याजोगी होईल हे मात्र आधी सांगा.

सांख्यिकी

घरांची संख्या वाढवण्यापेक्षा तेच घर अनेक दिवस मोजा. एकाच घरातील धूर एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी फार बदलतो: ओले सरपण, पाहुणे, बाजाराचा दिवस. आपल्या दोन यंत्रांत आठ-दहा घरे, प्रत्येकी किमान तीन-चार दिवस, एवढे पुरे. त्या दिवशी काय शिजले आणि कोणते सरपण होते, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. नाही तर आलेखातील उंचवट्यांचा अर्थ नंतर कोणालाच लावता येणार नाही.